दहावं स्थळ

"तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे," मी म्हटलं, आणि मुख्य परीक्षकांच्या जाकिटाची साखळी धरून ते घड्याळ खिशातून सरळ बाहेर ओढलं.

१९५४ सालचा ऑगस्ट. लंडनमधलं एक भलंमोठं नाचघर, हिरवं कापड घातलेलं लांब टेबल आणि टेबलामागे जगत्सुंदरी निवडायला बसलेले पाच परीक्षक. मुख्य परीक्षक म्हणजे एक गुलाबी गालांचे म्हातारे लॉर्ड. त्यांनी मला विचारलं होतं, लंडनमध्ये तुला सगळ्यात जास्त काय आवडलं? वळणाची मुलगी म्हणाली असती, राजवाडा. मी अंबाड्यातला आकडा काढला, त्यांच्या घड्याळाचं मागचं झाकण उघडलं आणि वेग कमीजास्त करायची आतली बारीक दांडी केसभर सरकवली. वर त्यांना सुनावलं, की याला तीन वर्षांत कोणी तेल घातलेलं दिसत नाही, आणि इतक्या चांगल्या वस्तूची अशी आबाळ करणाऱ्याने दुसऱ्यांची परीक्षा घ्यायला बसू नये.

एवढ्या उद्धटपणावर मला कोणीही दाराबाहेर काढलं असतं. माझी अपेक्षाही तीच होती. पण लॉर्डसाहेब टेबलावर थाप मारून हसले, बाकीचे चौघे टाळ्या वाजवायला लागले, आणि अर्ध्या तासाने शेवटच्या सहाजणींची नावं पुकारली त्यात माझं. पडद्याच्या कडेला उभी असलेली माझी बनूमावशी आनंदाने डोळे पुसत होती. रडावंसं मलाही वाटत होतं, पण कारण निराळं. मला हरायचं होतं.

हे नीट सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारी बढाया मारतेय.

मी शशिकला धैर्यवान. आम्ही पाठारे प्रभू, ठाकुरद्वारला राहणारे. वडील सॉलिसिटर. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि तिची धाकटी बहीण, बनूमावशी, मला सांभाळायला आली ती कायमची. तिचा नवरा लग्नानंतर सहा महिन्यांत वारला होता. तिला मूलबाळ नाही, घरदार नाही. होते ती मीच, आणि मला चांगल्या घरी दिली की ताईला तोंड दाखवायला मोकळी, असं ती म्हणायची.

मला मात्र घड्याळजी व्हायचं होतं. हसू नका. दहाव्या वर्षी मी दिवाणखान्यातलं टोल्यांचं घड्याळ उघडून परत जोडलं, आणि तेव्हापासून माझं दुसऱ्या कशात लक्षच लागेना. वडील म्हणायचे, इंटर सायन्सपर्यंत शिकवलं ते काय लोकांची घड्याळं उचकायला? लंडनमधल्या एका कॉलेजात घड्याळं बनवायचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. मी मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्रं मागवून त्यांच्या मागे लागले. शेवटी उत्तर आलं, की आम्ही आजवर मुलगी घेतलेली नाही, पण तुम्ही समक्ष येऊन हाताचं काम दाखवाल तर विचार करू. ठाकुरद्वारची वीस वर्षांची मुलगी लंडनला समक्ष जाणार कशी, ते काही त्यांनी लिहिलं नव्हतं.

दरम्यान घरात स्थळांचा सपाटा चालू होता. सतराव्या वर्षापासून मला दाखवत होते, आणि एकामागून एक नऊ स्थळं मी मोडली. मला नको म्हणायची सोय नव्हती, पण नापसंत व्हायची होती ना. कोणी नाव विचारलं की मी उलट त्यांचं विचारायचे. चालून दाखव म्हटलं की परेडवरच्या शिपायासारखी चालायचे. मानकरांच्या मुलाचं मनगटी घड्याळ तर मी पोह्यांच्या बशीशेजारीच उघडलं, आणि त्यातला एक स्क्रू पोह्यांत गेला. मानकरीणबाईंनी बशीतला दाणा न् दाणा चिवडून तो शोधला आणि जाताना "कळवतो" म्हणाल्या. कळवतात कसल्या.

प्रत्येक स्थळाच्या आधी मावशी चार-चार दिवस तालीम घ्यायची. पदर असा घ्यायचा, पावलं एवढीच टाकायची, विचारल्याशिवाय बोलायचं नाही, विचारलं तरी हळू बोलायचं, आणि उठताना सगळ्या वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार. मी तालमीतही मुद्दाम चुकायचे, म्हणजे पुढे कोणाला संशय नको. बिचारी कपाळावर हात मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

अशात एका केशतेलाच्या कंपनीने मुंबईतून जगत्सुंदरीला मुलगी पाठवायचं काढलं. माझे केस गुडघ्यापर्यंत, आणि कंपनीचे शेठ वडिलांचे अशील. वडील ऐकूनच भडकले. त्यांना वळवलं कोणी, तर बनूमावशीने. नऊ ठिकाणी नाकारलेल्या मुलीचा फोटो विलायतेच्या पेपरात छापून आला तर दहावं स्थळ आपल्या पायांनी जिना चढून येईल, असं तिचं म्हणणं. शिवाय सोबतीला ती स्वतः जाणार होती. वडिलांनी अट घातली, की अंगभर पातळ, तो पोहण्याचा पोशाख अजिबात नाही. शेठनी ती कबूल केली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी माझी गत झाली.

बेत सोपा होता. स्पर्धेत पहिल्याच फेरीत गळायचं, बुधवारी सकाळी दहा वाजता कॉलेजात मुलाखत द्यायची, आणि घेतलं तरच मावशीला सांगायचं. फीसाठी आईच्या पाटल्या ट्रंकेच्या तळाशी होत्या. अडचण एवढीच, की पहिल्या तीन येणाऱ्या मुलींनी वर्षभर देशोदेशी फिरायचं असा करार होता, आणि त्यांचं विमान बुधवारी सकाळी आठला सुटणार होतं. मध्येच माघार घेतली तर मिळेल त्या बोटीने त्याच दिवशी रवानगी. म्हणजे हरायचं, पण रीतसर हरायचं.

पहिल्या फेरीत बाकीच्या बावीसजणी पोहण्याच्या पोशाखात आणि मी जरीच्या शालूत. मनात म्हटलं, सुटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या एका पेपरात पहिल्या पानावर फोटो कोणाचा, तर माझा. कपडे उतरवायला नकार देणारी मुलगी, म्हणून. लोक मला बघायला तिकिटं काढून येऊ लागले. दुसऱ्या फेरीत शिपायासारखी चालले, तर परीक्षकांतल्या एक बाई म्हणाल्या, काय हा डौल. आणि तिसऱ्या फेरीत ते घड्याळ. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

इकडे मावशीला विलायत चांगलीच मानवली होती. येताना तिने आमच्या प्रभूंच्या परभी सांबार मसाल्याचा डबा आणला होता, आणि हॉटेलातल्या उकडलेल्या पांढऱ्या मासळीवर तो चिमूटचिमूट भुरभुरून ती सुखाने जेवत होती. खोली झाडायला येणाऱ्या बाईशी बोलून बोलून तिने मोडकंतोडकं इंग्रजीही मिळवलं होतं, निदान भांडण्यापुरतं. आणि आता तिला मुकुट हवा होता. मंगळवारी दुपारी तीनला शेवटची फेरी. बारा वाजता ती माझे केस विंचरत होती.

"त्या मेल्यांना तुझं बोलणं आवडतंय ना," ती म्हणाली, "मग आज आणखी बोल. आणखी दोन घड्याळं उघड."

जन्मभर मला गप्प बस म्हणणारी बाई ही. मी आरशात तिच्याकडे बघतच राहिले. माझ्यातलं जे ठाकुरद्वारला कोणी फुकट घेत नव्हतं, ते इथे सोन्याच्या भावाने चाललं होतं. मग इथे कोणी घेणार नाही असं माझ्याकडे काय होतं? ते मला शिकवणारी माझ्या मागेच उभी राहून वेणी घालत होती.

तीन वाजता माझं नाव पुकारलं. मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, जमिनीकडे बघत वीतभर पावलं टाकत निघाले, आणि रंगमंचाच्या मध्यापर्यंत पोचायला इतका वेळ लावला की वाजंत्रीवाल्यांना तेच गाणं दुसऱ्यांदा वाजवावं लागलं. प्रश्न विचारणारा माणूस चकचकीत केसांचा, हजरजबाबी. माझ्याकडून आज काहीतरी झणझणीत मिळणार म्हणून तो आधीच हसत होता. त्याने विचारलं, तुला काय आवडतं? मी इतक्या हळू "भरतकाम" म्हटलं, की त्याला मायक्रोफोन माझ्या तोंडाला लावून पुन्हा विचारावं लागलं.

"आणि जगत्सुंदरी झालीस तर काय करशील?"

"वडीलधारे सांगतील ते."

"तुझं स्वतःचं काही मत असेल ना?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवर रेघा काढत राहिले. लोक खो-खो हसले. ही हिची आणखी एक गंमत आहे असं त्यांना वाटलं. असंच चाललं तर ह्या लोकांनी मला पहिला नंबर दिला असता. म्हणून मी सगळ्यात शेवटची तालीम बाहेर काढली. परीक्षकांच्या टेबलाला वळसा घालून मागे गेले आणि एका टोकापासून वाकून नमस्कार करायला सुरुवात केली. पहिल्या बाईंनी किंचाळून पाय वर घेतले. दुसऱ्यांना वाटलं माझं काहीतरी पडलं, ते टेबलाखाली शिरून शोधू लागले. लॉर्डसाहेबांच्या बुटाला हात लावला तर ते दचकून खाली वाकले आणि आमची डोकी आपटली. मी काही थांबले नाही. पाचही नमस्कार पुरे केले, हात जोडले आणि आल्या पावलांनी परत निघाले. हसू केव्हाच थांबलं होतं. आता लोक खोकत होते आणि एकमेकांकडे बघत होते.

सहांतला सहावा नंबर. निकाल सांगताना तो चकचकीत केसांचा माणूस कनवाळूपणे म्हणाला, की दिव्यांच्या झगमगाटाने बिचारी मुलगी बावरली. मला नाचावंसं वाटत होतं. मी विजयाने पडद्याच्या कडेला पाहिलं. मावशी तोंडावर हात धरून उभी होती, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की माझं आतलं हसू जागच्या जागी विरलं.

कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. ती स्टुलावर बसली.

"हे तुला येत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"पदर, पावलं, नमस्कार. एक चूक केली नाहीस. नऊ वेळा मी तुला हेच शिकवलं, आणि नऊ वेळा तू चुकलीस. मानकरीणबाई त्या दिवशी जिन्यात म्हणाल्या, आईविना वाढलेली मुलगी, वळण कुठून असणार. मी ऐकून घेतलं. म्हटलं, खरंच असेल. तुझ्या वडिलांना जाऊन सांगितलं, की दोष मुलीचा नाही, माझ्या शिकवण्याचा आहे. सोळा सोमवार केले मी, शशी. ताईच्या फोटोकडे बघवत नव्हतं मला."

तीन वर्षं मी समजत होते, की मी स्थळांना बनवतेय. मोठा पराक्रम वाटायचा मला तो. प्रत्येक वेळी त्याचा मार कोणी खाल्ला, ते विसाव्या वर्षी, तोंडाला विलायती पावडर फासलेली असताना मला कळलं, आणि माझी मलाच भयंकर शरम वाटली. मी तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. मैत्रिणीच्या पत्त्यावरची पत्रं, कॉलेज, उद्याची मुलाखत, ट्रंकेतल्या पाटल्या, सगळं.

"मुली घेतात तिथे?" शेवटी तिने विचारलं.

"अजून एकही घेतलेली नाही."

"आणि लग्न?"

"नाही करायचं मला, मावशी."

ती उठली आणि माझा शालू घडी करायला लागली. त्यानंतर रात्रीच्या जेवणापर्यंत आणि जेवण झाल्यावरही तिने माझ्याशी एक शब्द काढला नाही. मासळीवर मसालाही घातला नाही.

सकाळी मी उठले तेव्हा ती ठेवणीतलं राखी लुगडं नेसून तयार होती. दोघींचे पासपोर्ट तिच्या पिशवीत होते. कुठे जायचंय ते तिने सांगितलं नाही, आणि विचारायचा धीर मला झाला नाही. बोट कंपनीची कचेरी आणि माझं कॉलेज एकाच बसच्या रस्त्यावर. कॉलेजचा थांबा आला, मी उठले, ती बसूनच राहिली. कंडक्टरने घंटेची दोरी धरली तेव्हा ती उठली.

मुलाखतीला तिघेजण होते. त्यांनी माझ्यापुढे एक बंद पडलेलं टेबलावरचं घड्याळ ठेवलं आणि एक तास दिला. मी सगळं खोललं, एका चाकाचा वाकलेला दात सरळ केला, पुसलं, जोडलं, आणि पन्नासाव्या मिनिटाला ते टिकटिकायला लागलं. प्रिन्सिपॉल एक सडपातळ गृहस्थ, गळ्यात भिंग लोंबत असलेले. त्यांनी त्या भिंगातून माझं काम बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, कामाबद्दल आमचा काही प्रश्न नाही. मग त्यांनी माझा अर्ज उघडला. एकवीस वर्षांच्या आत असल्यामुळे पालकाची संमती लागत होती, आणि तिथे सही होती.

ती सही मी मुंबईतच करून ठेवली होती. वडिलांची करायची छाती झाली नाही, सॉलिसिटर पडले ते. म्हणून पालक म्हणून बनूमावशीचं नाव घातलं आणि तिच्या नावाची सही ठोकून दिली. प्रिन्सिपॉलांनी विचारलं, ह्या पालक बाई मुंबईत असतात का? आणि मी हो म्हणणार एवढ्यात त्यांना दाराच्या काचेतून बाकावर पिशवी घेऊन बसलेली मावशी दिसली. ही तुझ्याबरोबर आलेली बाई कोण, म्हणाले. ताकाला जाऊन भांडं किती लपवणार? मी तिला आत बोलावलं.

त्यांनी अर्ज तिच्यापुढे सरकवला आणि मला म्हणाले, यांना विचार, ही सही यांची आहे ना, आणि यांची खरोखर संमती आहे ना. मी मराठीत विचारलं. मावशीने पिशवीतून चष्मा काढला, पदराने पुसला आणि डोळ्यांवर चढवला. दोन शब्द वाचायला इतका वेळ लावलेलं माणूस मी पाहिलं नाही. तिने नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच संपत होतं, आणि नाही म्हणायचा तिला पुरेपूर हक्क होता.

"ही माझी सही?" ती मला म्हणाली.

"हो, मावशी."

"मी अशी करते सही?"

मी खाली बघितलं. तिने चष्मा कपाळावर सरकवला, हात मांडीवर ठेवले आणि प्रिन्सिपॉलांकडे वळून मराठीतच बोलायला लागली. नऊ स्थळांच्या पुढे ती अशीच बसायची. मुलगी शांत आहे, सुगरण आहे, हे भरतकाम तिचंच, असं धडधडीत खोटं गोड आवाजात सांगायची. आवाज आजही तोच होता.

"साहेब, मुलगी हट्टी आहे," ती म्हणाली. "खोटं बोलते, आणि इतकं सफाईने, की वाढवणाऱ्या बाईला तीन वर्षं पत्ता लागला नाही. स्वयंपाकाचा आनंद आहे. भरतकाम दाखवायचो ते माझं. एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तुमच्याकडे टिकेल, कारण हे तिला हवंय. दुसरीकडे कुठे दिली तर माघारी येईल."

"काय म्हणतायत त्या?" प्रिन्सिपॉलांनी मला विचारलं.

मला हुंदका आवरत नव्हता. "हरकत नाही म्हणतेय," मी कसंबसं म्हटलं.

"एवढंच?" मावशी माझ्याकडे वळली. "मी एवढं बोलले त्याचं एवढंच?" आणि ती त्या हॉटेलातल्या बाईकडून मिळवलेल्या इंग्रजीत थेट त्यांनाच म्हणाली, "धिस गर्ल, नो लिसनिंग. टेलिंग लाय. यू कीप. थ्री इयर. नो सेंडिंग बॅक."

"यस, मॅडम," प्रिन्सिपॉल म्हणाले. अगदी गंभीरपणे म्हणाले.

मावशीने त्यांच्या हातातलं पेन घेतलं, माझ्या सहीवर आडवी काट मारली आणि खाली सावकाश स्वतःची सही केली. मग पेनाचं टोपण लावून ते परत दिलं, पासपोर्टची पिशवी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुझ्या वडिलांना पत्र मी लिहीन. तुला खरं लिहायची सवय नाही."